रेगसाहेबांची बस आणि देवळातला डबा

मेडनहेड,
रविवार, ता. ९ सप्टेंबर २००७

चि. पद्माकर यास,

अक्काचे साता समुद्रांवरून आशीर्वाद. (सात कुठले, असं तनूनं मला नकाशा उघडून विचारलं. मधे वाळवंटं आणि डोंगरही आहेत म्हणे. तर त्यांच्यावरूनही.)

तुझा गुडघा काय म्हणतो? मी पाठवलेला पट्टा त्याला बांधतोस, की कपाटात नव्या कपड्यांखाली जपून ठेवलास? साखर तपासलीस का, आणि तपासली असलीस तर खरा आकडा मीनलला सांगितलास का? मीनलचं पित्त कसं आहे? तिला म्हणावं, सासरचं बघ, बापाचं बघ, पण आधी दोन घास खाऊन मग बघ. जावईबापूंची पाठ बरी आहे ना? त्यांच्या आईंचा मोतीबिंदू निघाला का, आणि स्वच्छ दिसायला लागल्यावरही त्यांना मीनलचं घर पूर्वीइतकंच आवरलेलं वाटतं का? मागच्या दारी येणारी ती लंगडी मांजर व्याली का? आणि शेवटी तुझ्या लूनाची तब्येत विचारते. बिचारी वर्षभर ताडपत्रीखाली उभी आहे. माणसाला संधिवात होतो, तर तिचं काय झालं असेल!

आमचं सगळं छान. सुयश कॉम्प्युटरपुढे बसून बसून पुढे वाकलाय, सूनबाई मंजिरी रोज ट्रेननं लंडनला उभी जाऊन उभी येते म्हणून अगदी ताठ आहे, दोघं शेजारी उभे राहिले की संसाराचा तोल बरोबर साधतो. तनू दहाची झाली. "माझी आजी खूप चांगला आहे" असं सगळ्यांना सांगते. पाऊस यंदा इतका झाला, की गोरे लोकही त्याच्याविषयी बोलायचे थांबले.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू "हं, बरं आहे" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र मधेच ठेवून दिलं तरी ते टेबलावरून माणसाकडे बघत राहतं. मीनल सांगत होती, तुझी शशी गेली त्याला आता वर्ष होईल, आणि तेव्हापासून तू फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. दूध घरी, पेपर घरी, भाजीवाली घरी, न्हावीसुद्धा घरी येतो म्हणे. म्हणजे एकूण संस्थानिक झालास. मी काही बोलणार नाही. मी फक्त माझी फजिती सांगायला बसले आहे. पण त्याआधी एक कामाचं. पट्ट्याबरोबर निवेदिताच्या हाती (मंजिरीच्या ऑफिसातली, सांगलीची) मी एक छोटी पत्र्याची लाल बस पाठवली होती, साखळीला चकती असलेली. ती बस कुणाच्या पोराला देऊ नकोस. चकती काढू नकोस. का, ते पुढे येतंच आहे. एक माणूस त्या बसपायी कष्टी झाला होता, आणि दोष माझा आहे.

तर झालं असं. दर शनिवारी तनूचा बॅलेचा क्लास असतो. बॅले म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर उभं राहून दु:ख झाल्यासारखं दाखवायचं. क्लास असतो हेझलबरी नावाच्या खेड्यात, गावच्या हॉलमध्ये. मंजिरी आम्हा दोघींना तिथे सोडते आणि बाजाराला जाते. आया आत बसून पोरींचे पाय बघतात, मी समोरच्या देवळात जाते. (चर्च म्हणायचं हे मला ठाऊक आहे. पण घंटा आहे, उंबरा आहे, आत गेलं की आवाज आपोआप बारीक होतो, मग देवळाला दुसरं काय लागतं?) देऊळ आठशे वर्षांचं, गारगोट्यांच्या भिंती, वर पत्र्याचा कोंबडा. पहिल्या दिवशी मी सवयीनं फाटकाशी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर ओल्या गवतातून प्रदक्षिणा घालून आले. आठवडाभर शिंकत होते. भोवती सगळ्या कबरी, आणि कबरींमधे बाकं, आणि बाकांवर लोक सँडविच खात बसलेले! आधी मला कसंतरीच झालं. मग वाटलं, खालचे एकटे पडत नाहीत हे काय वाईट आहे? हल्ली मीही तिथे थालीपीठ खाते.

त्या आवारात यू नावाचं झाड आहे, देवळाहूनही म्हातारं. बुंधा पोकळ. मे महिन्यात एकदा मी त्याच्या ढोलीत डोकावले (म्हातारं कुणीही असो, मी चौकशी करते), तर आत दोन दगडांआड एक प्लॅस्टिकचा डबा. चिखलानं माखलेला, वर हिरवी चिकटपट्टी. काहीतरी लिहिलेलं होतं, पण चष्मा घरी राहिलेला, आणि सुयशच्या पुस्तकांवरून शिकलेलं माझं इंग्रजी चष्म्याशिवाय चालत नाही. उघडून पाहिलं तर आत प्लॅस्टिकचा बेडूक, एक गोटी, पेन्सिलीचा तुकडा, भिजून लगदा झालेली चिमुकली वही, आणि ती लाल बस. आता तूच सांग, कुणालाही काय वाटेल? कुणी बाई आपल्या माणसाच्या कबरीवर फुलं वाहायला आली, पोराला शांत ठेवायला खेळणी आणली, आणि डबा विसरून गेली. इकडेतिकडे पाहिलं, विचारायला एक म्हातारा होता तो झोपलेला. कुणाचा डबा असा चिखलात ठेवून यायला माझं मन होईना. पिशवीत घातला आणि घरी आणला.

घरी आणून सोड्याच्या कढत पाण्यानं लख्ख घासला. पट्टी निघेना, ती सुरीनं खरवडली. वहीचा लगदा टाकून दिला. बेडूक बागेत ठेवला, अजून आहे. बस हातात घेतली तर साखळीला नंबर ठोकलेली चकती, अगदी आपल्या कंडक्टरच्या बिल्ल्यासारखी! बस आणि वर बिल्ला! मला तू आठवलास. मिरजेच्या स्टँडावर कंट्रोलरच्या खिडकीत बसून जन्मभर लोकांना गाड्यांत बसवून दिलंस, आणि आता घरात बसलास. म्हटलं, एवढीशी बस बघून तरी हसेल. दुसऱ्याची वस्तू आहे हे मनात आलं नाही असं नाही, पण इतकी रंग उडालेली बस कोण शोधायला येतंय, असंही आलं, आणि दुसरं जरा जोरात आलं. निवेदिता त्याच आठवड्यात निघाली होती.

राहिला डबा. तो परत करायला हवा, आणि रिकामा करायचा नाही, हे तुला मला सांगायला नको. आपल्या आईनं शेजारणीची वाटी कधी साखरेच्या चिमटीशिवाय परत पाठवली नाही. मी बेसनाचे लाडू केले, डबा भरला, आणि पुढच्या शनिवारी ढोलीत जिथल्या तिथे ठेवून आले.

आता ऐक. त्यापुढच्या शनिवारी पाहते तर लाडू नाहीत, आणि डब्यात एक पिवळं रबरी बदक! पद्मा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, ही बाई कुठल्या देशाची, कुठल्या धर्माची, पण रीत बरोबर कळते तिला. रिकामा डबा ठेवला नाही. मग काय, मीही माघार घेणार नव्हते. चकल्या दिल्या, शिंपला आला. चिवडा दिला, किल्ल्यांची साखळी आली. बाई मनानं दिलदार, नातवंडं बरीच असावीत, हात जरा आखडता, असं मी तिच्याविषयी ठरवत गेले. एकदा रबरी साप आला, तेव्हा मात्र मी वरमले. शंकरपाळे त्या खेपेला कडकच झाले होते. घरी मी हे कुणाला बोलले नाही. मंजिरीनं एकदा विचारलं, "आई, डाळीचं पीठ एवढं कुठे जातंय?" मी म्हटलं, "पाऊस आहे, भूक लागते." (खोटं नव्हे. भूक लागते, एवढंच. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.) इथे येऊन दोन वर्षं झाली, पण माझी स्वत:ची अशी, सुयशच्या ओळखीतली नाही, मंजिरीच्या मैत्रिणीची आई नाही, अशी ही पहिलीच मैत्रीण. तिचं तोंड पाहिलेलं नसेना का.

पाहिलं ते मागच्याच्या मागच्या शनिवारी. क्लास लवकर सुटला म्हणून तनू बरोबर होती. मी ढोलीत वाकून डबा ठेवतेय तोच मागच्या कबरीआडून एक हिरव्या रेनकोटातली बाई उठली. मी किंचाळले, तीही किंचाळली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लाडू?"

मी म्हटलं, "नाही, आज नारळाच्या वड्या."

तनूनं मधे पडून दोन्हीकडची भाषा सांभाळली. ही बाई म्हणजे डोरीन. डबा तिचाच, पण विसरलेला नव्हे, मुद्दाम लपवलेला! हा इथला खेळ आहे, जिओकॅशिंग म्हणतात. मोठी माणसं कुठेतरी डबा लपवतात आणि त्या जागेचा आकडा कॉम्प्युटरवर सांगतात. मग दुसरी मोठी माणसं हातात छोटं यंत्र घेऊन, त्याला आकाशातला उपग्रह वाट दाखवतो म्हणे, तो डबा शोधत हिंडतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची आणि बदल्यात दुसरी ठेवायची. आपण भोंडल्याला खिरापत ओळखतो तसंच, फक्त ह्यांना उपग्रह लागतो आणि खायला काही नसतं. उलट खाण्याचं ठेवायला सक्त मनाई. वास लागून कोल्हे येतात, खारी येतात. आल्याच होत्या. झाडाखालची माती उकरलेली मी पाहिली होती आणि माळीकाम चाललंय असं समजले होते. व्हिकरबाईंनी (इथे पुजारीण आहे, फार सुधारलेलं देऊळ) डोरीनला दोनदा बोलावून समज दिली, म्हणून ती बिचारी कबरीआड पाळत ठेवून बसली होती.

म्हणजे माझी मैत्रीण एक नव्हतीच. बदक एकाचं, शिंपला दुसऱ्याचा, साप कुणा शाळकऱ्याचा. कॉम्प्युटरवर ह्या डब्याच्या पानावर सगळे लिहून गेले होते, तनूनं मला वाचून दाखवलं. एकानं लिहिलंय: "घेतलं: एक पिवळा गोळा. ठेवलं: बदक. पश्चात्ताप: एकच घेतला." बेसिंगस्टोकचा कुणी शार्दूल आहे, आपलाच कॉम्प्युटरवाला मुलगा. त्यानं लिहिलं होतं, "हे बेसनाचे लाडू आहेत, हे कुणाच्या तरी आजीचं काम आहे, कृपा करून तक्रार करू नका." तो दर रविवारी यायचा म्हणे. त्याला नियम ठाऊक होते रे, पण घरची आठवण नियम वाचत बसत नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण डोरीननं मग हळूच विचारलं, "आणि बस? एक छोटी लाल बस होती, ती कुणी नेली ठाऊक आहे का?" माझ्या तोंडातली वडी तोंडातच राहिली.

बस तिच्या नवऱ्याची, रेगसाहेबांची. ते आम्हाला देवळासमोरच्या त्यांच्या घरी भेटले, खिडकीशी खुर्चीत. हे गृहस्थ जन्मभर इथल्या बसवर ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोनं हा डब्यांचा खेळ धरला, सगळा मुलूख पायी पालथा घातला. दोन हिवाळ्यांमागे साहेबांचं डावं अंग गेलं. तेव्हा त्यांनी ती बस केली. तिला नंबरची चकती लावली आणि डब्यात ठेवून दिली. ज्याला सापडेल त्यानं पुढच्या गावच्या डब्यात नेऊन ठेवायची आणि नंबर कॉम्प्युटरवर कळवायचा. मग नकाशावर रेघ पुढे सरकते. बस एडिनबराला गेली, नॉर्वेला गेली, स्पेनला जाऊन आली. साहेब रोज सकाळी चहाच्या आधी कॉम्प्युटर उघडून बघायचे, आज बस कुठे. वसंतात ती फिरून घरच्या डब्यात आली, आणि तिथून एकदम नाहीशी झाली. रेघ देवळाशी येऊन संपली. "हल्ली तो कॉम्प्युटर उघडत नाही," असं डोरीन स्वयंपाकघरात मला म्हणाली. म्हणाली इंग्रजीत, पण त्या वाक्याला तनू लागली नाही.

मी लपवाछपवी केली नाही. तनूला म्हटलं, सांग सगळं. तिनं साहेबांच्या खुर्चीपुढे उभं राहून इंग्रजीत धडाधड सांगून टाकलं, की माझ्या आजीनं बस तिच्या भावाला पाठवली, इंडियात, कारण तोही बसवाला आहे. साहेबांनी तनूकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यांचं अर्धं तोंड हसायला लागलं. (उरलेलं अर्धं हसत नाही, पण डोळे दोन्ही हसतात.) विचारलं, तुझा भाऊ कुठली गाडी चालवायचा? मी म्हटलं, चालवायचा नाही, सोडायचा. त्यानं शिट्टी दिल्याशिवाय महाराष्ट्रात एक बस हलत नसे. (थोडं वाढवलं. एवढ्या लांबून कोण तपासणार?) साहेबांनी डोरीनला खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवायला लावली. मिरज कुठे ते तनूनं दाखवलं. साहेबांकडे नंबर लिहिलेला होताच. एका बोटानं त्यांनी तो ठोकला, आणि रेघ हेझलबरीच्या देवळातून उठली ती वाळवंटावरून, समुद्रावरून थेट मिरजेत उतरली. एवढी लांब ती कधीच गेली नव्हती. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला.

घरी आल्यावर सुयशनं कपाळाला हात लावला. "आई, तू कबरस्तानातून लोकांची वस्तू उचलून परदेशी पाठवलीस?" असं मोठ्या आवाजात दोनदा म्हणाला. मंजिरी इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. मी व्हिकरबाईंची माफी मागून, झाडाखालची माती सारखी करून आले. वड्या आता डोरीनच्या घरी देते, दारातून, बशीत.

तर एवढीच फजिती. लिहायचं कारण इतकंच, की बस सांभाळून ठेव आणि मीनलजवळ दे. ती कुरियर करेल. दुसऱ्याची वस्तू ज्याची त्याला गेलेली बरी. गणपती शनिवारी येतायत, मोदकांच्या नादात हे विसरू नकोस. प्रकृतीला जप. मीनलला, जावईबापूंना आणि त्यांच्या आईंना आशीर्वाद आणि नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुझी,
मधुमतीअक्का

ता. क. कुरियरचं खोडून टाक. काल वड्या द्यायला गेले तेव्हा रेगसाहेबांना म्हटलं, बस महिन्याभरात परत येईल. तर ते चक्क रागावले. तनू म्हणाली, "आजी, तो म्हणतो, डेपोत उभी राहायला केलेली नाही ती." परत पाठवायची नाही, पुढच्या गावी न्यायची. एखाद्या डब्यात घालून बऱ्या जागी ठेवायची आणि तिथला फोटो पाठवायचा, बाकीचं तनू बघेल. एकच नियम, बस माणसानं हातात धरून न्यायची. टपालानं नाही. मीनलनं नाही. ज्याच्याकडे आली त्यानं.

आणखी ता. क. मीनल मला सगळं सांगते, तिला ओरडू नकोस. बस तू शशीच्या फोटोपुढे ठेवली आहेस, रोज फडक्यानं पुसतोस, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मागते आहे. आठवडाभर कागद पुढे घेऊन बसले होते, हे मागायचं कसं ते कळेना, म्हणून आधी डब्याची एवढी मोठी कथा लावली, आणि कुरियरचं नुसतं तोंडदेखलं लिहिलं.

शेवटचं. कुठे न्यायची, तेही सांगते. तुमचं घर स्टँडाच्या मागे. सकाळी तू लाऊडस्पीकरवरून वेंगुर्ल्याची गाडी पुकारायचास ती स्वयंपाकघरात ऐकू यायची. मी तुमच्याकडे यायचे तेव्हा बघायचे, तेवढ्यापुरती शशी गॅस बारीक करायची. एकदा मला म्हणाली, "अक्का, हे अख्ख्या जगाला त्या गाडीत बसवून देतात. एकदा मला बसवून द्यायला सांगा की ह्यांना." मी हसण्यावारी नेलं. तुला सांगायचं राहून गेलं. तेव्हा पद्मा, आता सांगते. बस खिशात घाल आणि सकाळच्या गाडीनं जा. खिडकीशी बस. आणि मला लवकर पत्र पाठव. पाकिटावर वेंगुर्ल्याच्या पोस्टाचा शिक्का असला, तर आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल.